खेळातल्या माणसानंच शिवायचं

आक्का,

पोरं आज अंगणात 'आक्का मेली' खेळत होती.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. तेरावा होईपर्यंत बालवर्ग बंद ठेवा असं पंचांनी सांगितलं होतं. पण वखारीत तंबाखू निवडायला जाणाऱ्या बायका सकाळी पोरं नेहमीच्या पायरीवर सोडून निघून गेल्या. त्यांना कोण सांगणार? मी कुलूप काढलं आणि ओसरीवर बसले. चिंचेखाली गंगीला आडवी निजवली होती, अंगावर पोतं टाकलं होतं. दोघीजणी नसलेला पदर तोंडाला लावून रडत होत्या. दत्तू भटजी झाला होता आणि तोंडाला येईल ते पुटपुटत होता. मी ओरडून थांबवायला उठले आणि थांबले. तुम्ही असता तर मला मनगटाला धरून खाली बसवलं असतंत.

मग मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, "काय खेळताय?"

आक्का, आठ महिन्यांत मी पोरांना हे पहिल्यांदा विचारलं.

दत्तू म्हणाला, "दिसत न्हाय व्हय ताई? आक्का मेलीया."

एवढ्यात गंगीच्या नाकावर माशी बसली आणि ती खुदकन हसून उठली. "मी झालो जित्ती. आता तू मर रं," असं दत्तूला म्हणाली. दत्तू लगेच मरून पडला. पुन्हा रडारड झाली. मी ओसरीवर येऊन लिहून ठेवलं, की मेलेलं माणूस उठत नाही हे समजून घ्यायला पोरं त्याला पुन्हा पुन्हा उठवून बघतात. लिहिताना अक्षर इतकं वाकडं आलं की मलाच वाचता येईना.

तुम्ही मला तीन शब्द शिकवले होतेत. बघ, इचार, मग लिव. त्यातला मधला मी कधी केला नाही. हे सगळं त्या मधल्या शब्दामुळे झालं, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. म्हणून लिहिते आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला मराठी बोलायची लाज वाटायची. बेळगावात टिळकवाडीला मावशीकडे राहून कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत दहा वर्षं काढलेली. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करत. नंतर वडिलांकडे निपाणीला आले. ते पोस्टमास्तर, घर पोस्टाच्या मागेच, आणि मला दिवसभर काही काम नाही. पंच वडिलांना म्हणाले, आक्कांना इंग्रजी लिहिणारं कुणी हवं आहे, शाळाखात्याकडे कागद पाठवावे लागतात. मी आले ती कागदांसाठी. तुम्ही मला आपादमस्तक न्याहाळलंत आणि पोरांना म्हणालात, "ही आपली नवी मडम. हिला लई छळू नगासा."

पहिल्याच दिवशी मी 'मुलांनो, रांगेत बसा' असं म्हणाले. रांगेतला 'र' माझ्या तोंडून इंग्रजी निघाला. पोरं आठवडाभर एकमेकांना तसल्या 'र'नं हाका मारत होती. त्यानंतर मी पोरांशी बोलायचंच टाकलं. ओसरीच्या खांबाला टेकून मी बघायची आणि लिहायची. युद्धामुळे कागद मिळत नव्हता, म्हणून वडिलांच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूंची वही शिवली होती. तुम्हाला ती वही फार आवडायची. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं आणि मी टिपणं इंग्रजीतच करायची, तरी तुम्ही ती हातात घेऊन पानं उलटायचात.

"एवढं बारीक लिवतीस, डोळं जातील की गं."

मी म्हणायची, "तुम्ही सांगता तेच लिहिते."

"आणि त्ये तुमी-तुमी बंद कर बघू. मी काय मामलेदारीण हाय व्हय? येळ्ळूरच्या शेतात वाढलेली बाई मी. पोरं बी मला तूच म्हणत्यात."

मला 'तू' म्हणता आलं नाही.

आपलं भांडण आठवतं? मी बेळगावहून अक्षरांचे रंगीत लाकडी ठोकळे आणले होते. मला वाटलं, इथे नुसतं मातीत खेळून दिवस जातो, काही तरी शिकवायला नको का? पोरांनी ते ठोकळे पोत्यात भरले, पाठीवर घेतले आणि 'वखार-वखार' सुरू केलं. एक ठोकळा तंबाखूचा बोद, म्हणजे गच्च भरलेलं पोतं, झाला, एक मुकादम झाला, एकावर बसून गंगी चाळण मारायला लागली. चाळण मारता मारता तिनं एक शिंक दिली, मोठी, अंग हलवून. मग सगळीच शिंकायला लागली.

मी रुसले. म्हणाले, "एकाही पोरानं अक्षर बघितलं नाही."

तुम्ही पोट धरून हसत होतात. "अगं, ती शिंक बघितलीस का? खोटी शिंक! नाकात काय बी गेलं न्हाय. आईची शिंक डोक्यात ठिवून, हवी तवा भाईर काढली. ठोकळ्याला बोद म्हनायचं आणि त्यो ठोकळा हाय ह्ये बी इसरायचं न्हाय. दोन्ही गोष्टी येकदम डोक्यात. तुज्या साळंत ह्ये शिकवत्यात का?"

मी म्हणाले, "शाळेत गेल्यावर मास्तर शिंक विचारणार नाहीत. 'अ' विचारतील."

"ज्याला ठोकळ्याचा बोद करता येतोय, त्याला रेघोट्यांचा 'अ' करता ईल. 'अ' बी खोटाच की. कुनी तरी ठरिवलंय म्हून 'अ'."

 मी म्हणाले, की हे सगळं ठीक आहे, पण सगळीच पोरं गंगीसारखी नसतात. आणि मी गौरीकडे बोट दाखवलं.

तेव्हा तुमचं हसू थांबलं. "तिची येळ आली न्हाय अजून," एवढंच म्हणालात. ते भांडण तिथेच अर्धवट राहिलं, आणि पुढे मीच ते माझ्या बाजूनं संपवून टाकलं, इंग्रजीत.

गौरी पाच वर्षांची. तिची आई मल्लव्वा गोकाककडून कामाला आलेली, घरी कानडी. पोर बोलायची नाही, बोलावलं तर बघायची नाही, दिवसभर चिंचोके चिवडत बसायची. तुम्ही म्हणालात, चिवडत न्हाय, नीट बघ. मी नीट बघितलं तर ती काळे एकीकडे आणि तांबडे एकीकडे करत होती. दुसऱ्या दिवशी तेच चिंचोके मोठे आणि बारीक असे लावले. हे मी लिहून ठेवलं होतं, आक्का. ती टिपणं माझ्याकडे आहेत. पण खात्याला पाठवायच्या कागदावर मी ते घातलं नाही. चिंचोक्यांना तिथे जागा कुठे असते असं मला वाटलं.

विष-अमृत खेळताना पोरं तिला लिंबू-टिंबू ठेवायची. ज्याच्यावर राज्य असेल तो शिवला की 'ईष', मग जागच्या जागी पुतळा होऊन उभं राहायचं, आणि आपल्यातल्या कुणी येऊन 'अम्रुत' म्हणून शिवलं की सुटायचं. लिंबू-टिंबूला विष लागत नाही. ती मधेच आली काय, बसली काय, कुणी बोलायचं नाही. मल्लव्वा एकदा हे बघून कानडीत हसत म्हणाली होती, "आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल." खेळात आहे, मोजण्यात नाही. तुम्ही माझ्याकडे बघून पोरांना म्हणालात, "आपली मडम बी तसलीच. तिला बी ईष लागत न्हाय." सगळे हसले. मीही हसले. मला बरं वाटलं होतं. कुणी मला धरणार नाही, याचं बरं वाटलं होतं.

चैत्रात येळ्ळूरहून तुमच्या भावाच्या आजाराचा निरोप आला आणि तुम्ही चार दिवस गेलात. जाताना सांगितलंत, कागद तयार ठेव, पुढच्या वर्षी बिगरीत कुणाला घ्यायचं ते डेप्युटी साहेब त्यावर ठरवणार आहेत.

मी मन लावून काम केलं. प्रत्येक पोरावर चार-चार ओळी लिहिल्या. गौरीला मी त्या दिवसांत बघत होते. ती चिंचोके सोडून अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहायची. नुसती उभी. एक हात पुढे, एक पाय अर्धा उचललेला, ऊन तोंडावर. पोरं पळत दूर जायची, ही तिथेच. एकदा तर मी ओसरीवरून शंभरापर्यंत आकडे म्हटले तरी हलली नाही. मला भीती वाटली. शाळेत आमच्या एका सिस्टरनं अशा मुलांबद्दल जे शब्द वापरले होते, ते मला आठवले. मी लिहिलं, की ही मुलगी कारणाशिवाय बराच वेळ निश्चल उभी राहते, खेळात भाग घेत नाही, बुद्धी मंद दिसते, शाळेस योग्य नाही. इंग्रजीत ते वाक्य फार चांगलं झालं होतं. मी ते दोनदा वाचलं.

विचारलं नाही. चार पावलांवर गंगी उभी होती. 'ही अशी का उभी आहे गं?' एवढं विचारायचं होतं. पण मी विचारलं की ती 'र' काढून दाखवेल, या भीतीनं मी एका पोरीला मंद ठरवलं.

गुरुवारी सकाळी तुम्ही आलात, अंगणातच बोचकं ठेवलंत. मी कागद पुढे केला आणि वाचून दाखवायला लागले, तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे. तू लिवलंस म्हंजे झालं." बाळबोधीत सावकाश सही केलीत. मी लगेच पाकीट चिकटवून पोस्टात टाकून आले. परत आले तर तुम्ही ओसरीच्या काठावर उभ्या होतात आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलंत की बांगडी रुतली.

"बघ. बघ गं. पोरगी ईष खाऊन हुबी हाय!"

गौरी उभी होती. हात पुढे, पाय अर्धा उचललेला.

"लिंबू-टिंबूला ईष लागत न्हाय, आणि तिनं लावून घेतलंय! कुनी सांगितलं न्हाय तिला. बघून बघून शिकली. आता मला बी मोजा म्हनतीया ती!" तुम्ही गंगीला हाक मारून विचारलंत. गंगी म्हणाली, "ती चार दिस झालं आशीच हुबी ऱ्हातीया. आमाला वाटलं लिंबू हाय, म्हून कुनी अम्रुत दिलं न्हाय."

मी धावत गौरीला सोडवायला निघाले. तुम्ही मागे ओढलंत. "तू हात लावू नगंस. खेळातल्या माणसानंच शिवायचं असतंय."

गंगी पळत गेली, 'अम्रुत!' म्हणून तिला शिवली, आणि गौरी पळाली. पळताना ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज, पण तुम्ही पदरानं डोळे पुसत खाली बसलात.

आक्का, तोवर दुपार झाली होती. टपालाची मोटार संध्याकाळी सुटते. मी घरी गेले. वडील पिशवीच्या तोंडाशी लाखेचा गोळा धरून बसले होते. माझं पाकीट त्या पिशवीत होतं. मी दारात उभी राहिले. लाख थेंब थेंब पडत होती. वडिलांनी विचारलं, "काय गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी मोहोर दाबली.

उद्या सांगू असं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही गौरीसाठी गूळ-शेंगदाणे घेऊन आलात, आणि तिसऱ्या दिवशी मल्लव्वाला बोलावून तिच्यासमोर गौरीला खेळायला लावलंत. मल्लव्वा तोंडावर हात धरून बघत राहिली. कुणाच्या अशा आनंदात जाऊन कसं बोलायचं, हे मला कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. एक दिवस गेला की दुसरा आणखी अवघड व्हायचा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पंचांच्या कारकुनानं ते सगळ्या आयांसमोर मोठ्यानं वाचलं. गौरीचं नाव आल्यावर तो म्हणाला, "ही पोर साळंच्या लायक न्हाय. खुळी हाय म्हनत्यात साहेब."  मल्लव्वानं पोरीला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून गौरी वखारीत आईशेजारी बसते. मी पाहिलं आहे तिला. तिथे तिची शिंक खरी असते.

तुम्ही मल्लव्वाच्या दारात तीनदा गेलात. ती म्हणाली, "सरकारच्या कागदावर खुळी लिवलंय आक्का. आता खेळून काय करायचं?" मग तुम्ही चिकोडीला गेलात, साहेब फिरतीवर होते. पुन्हा गेलात, पुन्हा नव्हते. वैशाखातल्या उन्हात बेळगावला गेलात आणि कचेरीच्या पायरीवर दिवस काढलात. "नावात घोटाळा झाला आसंल," प्रत्येकाला सांगत होतात. "आमच्या इंदूनं येवढं नीट लिवलंवतं." तुमच्या वतीनं साहेबांना अर्जही मीच लिहिला. त्यातसुद्धा 'काही चूक झाली असावी' असं लिहिलं. कुणाची ते लिहिलं नाही.

बेळगावहून तुम्ही ताप घेऊन आलात. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. उन्हानं नसतो येत म्हणाले, पाण्यानं येतो. माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील, त्यांना माहीत नव्हतं की मला कशाचं समाधान हवं आहे. ते पाणी तुम्ही कुठे प्यालात? त्या पायरीवर बसला नसतात तर प्यायला असतात का?

शेवटच्या दिवसांत तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "इंदे, त्या कागदावर गौरीचं काय लिवलंवतंस गं?"

खोलीत आपण दोघीच होतो. मी तुमच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होते.

"तुम्ही सांगितलं तेच," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पोरांकडे बघायचात तसं. मग म्हणालात, "मग झालं," आणि भिंतीकडे तोंड केलंत.

तुम्हाला कळलं होतं का? नऊ दिवस मी हेच विचारते आहे. कळलं असेल, तर तुम्ही मला लिंबू-टिंबू म्हणून सोडून दिलंत. आणि मला तसं सोडायला नको होतं, आक्का. मला धरायला हवं होतं. त्या एका पोरीनं विष मागून घेतलं आणि मी, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी, अंग चोरून उभी राहिले.

आज पोरं तुम्हाला मारून आणि उठवून दमली, गंगीच्या आजीपाशी त्यांना बसवलं, आणि मी वखारीत गेले. दुपारचा टोल पडला होता. बायका सावलीला भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मी मल्लव्वासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गौरी खुळी आहे असं मी लिहिलं होतं. साहेबांनी नाही. आक्कांनी तर नाहीच. ती विष लागलं म्हणून उभी होती. मी कुणाला विचारलं नाही. मी चुकले."

कुणी हसलं नाही. 'र' कसा आला ते मला आठवत नाही.

मल्लव्वानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आक्काला सांगितलंसा का ह्ये?"

"नाही."

"ती बेळगावाला गेली तवा बी न्हाय?"

"नाही."

ती कानडीत काही तरी म्हणाली. शेजारच्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मराठीत म्हणाली, "कागद तुमी लिवला ताई. पुसायचा कसा त्ये मला नगा इचारू."

मी सांगितलं की काल साहेबांना सगळं लिहून पाठवलं आहे. या वेळी सही माझी आहे, चिंचोक्यांसकट सगळं लिहिलं आहे, वडिलांना दाखवून पिशवीत टाकलं आहे. ती म्हणाली, "उत्तर येऊ दे. मग बघू." तिचा त्यावर विश्वास नाही. माझाही फारसा नाही. बिगरीची नावं ठरून गेली आहेत.

मी वळले. तेवढ्यात पोत्यांच्या थप्पीमागून गौरी आली. केसांत तंबाखूचा चुरा, नाक लाल. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या मनगटावर, तुम्ही धरलं होतंत तिथेच, दोन बोटं टेकवली.

"ईष," ती म्हणाली.

स्पष्ट म्हणाली, आक्का. शब्द होता. मल्लव्वाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मग ती पळून थप्पीमागे गेली.

टोल पुन्हा पडला. बायका उठून आत गेल्या. मुकादम माझ्याकडे बघत होता. मी एक पाय अर्धा उचललेला, तशीच उभी राहिले. पोरीनं मला मोजलं होतं, आता हलायचा अधिकार मला नव्हता. वखारीच्या अंगणात खेळातलं कुणीच उरलं नव्हतं, आणि मला माहीत होतं की जिनं येऊन मला 'अम्रुत' म्हणून शिवावं असं मला वाटतं, ती येणार नाही.

आक्का, मी उभी आहे. तू असतीस तर बघितलं असतंस.